डाव्या अंगठ्याची खूण

राजरत्नच्या टेबलावर त्या वर्षी झाकणंच झाकणं पडलेली असायची. काळी, राखाडी, काही नुसत्या पांढऱ्या ठोकळ्यातून कोरून काढलेली. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत तो आणि त्याचा भागीदार बिराप्पा मिळून प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवायचे. बादल्यांच्या कड्या, पंपाची झाकणं, स्विचची बटणं असली कामं त्यांनी आजवर केलेली. अठ्ठ्याण्णव साली मात्र पुण्याच्या एका कंपनीनं त्यांना वेगळंच काम दिलं. मोबाईल फोन तेव्हा नवे होते. सांगलीत ते एखाद्या डॉक्टरच्या नाहीतर बिल्डरच्या हातात दिसायचे. कंपनीला घडीचा फोन काढायचा होता, डबीसारखा मिटणारा. आतली यंत्रं परदेशातून येणार होती. राजरत्ननं बाहेरचं कवच आणि बिजागरी करायची. अट एकच, फोन एका हातानं सहज उघडला पाहिजे.

ऐकताना सोपं वाटलेलं हे काम करायला बसल्यावर अंगावर आलं. माणसाच्या दुसऱ्या हातात पिशवी असते, छत्री असते, कडेवर पोर असतं. म्हणजे एकट्या अंगठ्यानं झाकण वर ढकलायचं आणि उरलेल्या बोटांनी फोन धरून ठेवायचा. स्प्रिंग कडक ठेवली की अंगठा घसरायचा. मऊ ठेवली की फोन खिशातच उघडायचा. मधलं काहीतरी जमवलं, तर झाकण उघडताना असा हिसका बसायचा की अख्खा फोन उडून टेबलाखाली. बिराप्पानं त्याचं नाव 'बेडूक' ठेवलं होतं.

तोड सुचवली अक्षतानं. ही राजरत्नची बायको, मिरजेच्या एका दवाखान्यात रुग्णांकडून हातापायांचे व्यायाम करून घ्यायची. जेवताना राजरत्न डाव्या हातात फोनची डमी, नुसता पोकळ नमुना, घेऊन उघडझाप करत बसला होता. ती म्हणाली, "तुम्ही हे दोन हातवाल्या माणसांकडून तपासून घेता. त्यांचा दुसरा हात नकळत मदतीला येतोच. ज्याला दुसरा हातच नाही, त्याला द्या की."

"असा कोण आहे?"

"आमच्याकडं फौजेतले एक हवालदार येतात. लोणंदहून."

लालासाहेब हवालदार दुसऱ्या आठवड्यात पॅसेंजरनं मिरजेला आले तेव्हा राजरत्न दवाखान्यात जाऊन त्यांना भेटला. पंचेचाळिशीचा, ताठ बसणारा माणूस. डावा हात कोपराच्या खालून गेलेला. शर्टाची बाही नीट दुमडून पिन लावलेली. ते व्यायामाला नव्हे, दुखण्यासाठी येत होते, आणि दुखत होता तो नसलेला हात.

"मूठ वळल्याली हाय," त्यांनी राजरत्नला सांगितलं. "बर्फातनं खाली आणलं तवापास्नं. नखं तळव्यात रुतत्यात. उघडाय जातो, उघडत न्हाई. आता हात न्हाई तर उघडू काय, हे मलाबी कळतंय. पर दुखतंय त्याला कळत न्हाई."

अक्षता म्हणाली की असं पुष्कळांना होतं, हात जातो पण मेंदूतली त्याची जागा राहते. तिनं हवालदारांना एक युक्ती सांगितली. राजरत्नची डमी उजव्या हातानं उघडायची आणि त्याच वेळी मनात डावा हातही तसाच उघडतोय असं धरायचं. तिचा रुग्ण आणि राजरत्नचा फोन, दोन्ही कामं एकदम होणार होती. राजरत्ननं त्यांना एक काळी डमी दिली. आत यंत्र नाही, बॅटरी नाही. वजनासाठी शिशाची पट्टी तेवढी बसवलेली. हवालदारांनी ती उजव्या हातात तोलून पाहिली, एकदा उघडली आणि म्हणाले, "अंगठ्याला वाट सापडत न्हाई हिच्यात. बघतो."

महिना-सव्वा महिना काही निरोप आला नाही. पुण्याचे लोक विचारायला लागले, तेव्हा राजरत्न स्वतःच लोणंदला उतरला आणि एसटीनं पलीकडच्या वाडीला गेला. दुपारची वेळ होती. उसाच्या फडाला लागून हवालदारांचं पत्र्याचं स्वच्छ घर. त्यांच्या बायकोनं, बनुबाईनं, चहा ठेवला आणि आतूनच सांगितलं, "लय उपकार झालं तुमचं. आता झोपत्यात. धा वर्सांत असं झोपलं नव्हतं."

"मूठ उघडली का?" राजरत्ननं हवालदारांना विचारलं.

"उघडली. एक दिस डबी उघडली आन् संगंच डावीबी उघडली. बोटं मोकळी झाली." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जितका आनंद दिसायला हवा होता तितका दिसला नाही. त्यांनी डमी राजरत्नपुढं केली.

राजरत्ननं ती उजेडात धरली. वापरलेल्या वस्तूवर हाताचा रस्ता उमटतो, आणि तोच बघायला तो आला होता. उजव्या अंगठ्याची जागा जवळपास कोरी होती, नवी असताना होती तशी. दुसऱ्या बाजूला मात्र काळं प्लास्टिक झिजून गुळगुळीत झालेलं. खालून निघून बाहेरच्या अंगाला वळलेली कमान, आणि तिच्या कडेनं सुईनं ओढावी तशी एक बारीक रेघ. फोन डाव्या हातात धरला तर अंगठा बरोबर तिथं येत होता.

"हे तुम्ही कशानं उघडता?"

"डाव्यानं," हवालदार म्हणाले. "म्हंजे मी काय करत न्हाई. बाजंवर ठिवायची, डाव्या अंगाला. बघा."

त्यांनी डमी स्वतःच्या डाव्या मांडीशी ठेवली आणि फडाकडं तोंड करून बसले. उजवा हात गुडघ्यावर होता. बनुबाई चहाचे कप घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. थोडा वेळ काही झालं नाही. मग टक असा आवाज झाला आणि झाकण उघडलं. उसळी नाही, हिसका नाही. कुणीतरी धरून सावकाश उघडावं तसं.

राजरत्न स्प्रिंग सैल झाली असेल म्हणाला. चहा त्यानं गरम असतानाच पिऊन टाकला. त्याच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. त्याच्या वडिलांनी, आण्णांनी, छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा देवांबरोबर भुतंही घराबाहेर काढली होती, आणि पोरांना अंधाऱ्या विहिरीत कंदील सोडून दाखवला होता की बघा, नुसतं पाणी आहे. राजरत्न त्या शिकवणीत वाढलेला. त्यानं डमी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि बदली दुसरी देऊन निघाला. गाडीत पिशवी त्याच्या मांडीवर होती. कराड येईपर्यंत त्यानं ती दोनदा उचलून शेजारच्या बाकावर ठेवली आणि दोन्ही वेळा लोकांनी जागेसाठी ती परत त्याच्या मांडीवर दिली.

वर्कशॉपमध्ये त्यानं स्प्रिंग काढून तपासली. ती मुळीच सैल नव्हती. मग त्यानं ती गोष्ट बाजूला ठेवली आणि झिजेची मापं घेतली, कारण ती झीज पाहून त्याला आपली चूक कळली होती. आजवर तो अंगठा सरळ वर ढकलायला लावत होता. ही कमान तिरपी होती. अंगठा आधी बाहेर सरकत होता आणि मग उचलत होता. त्यानं त्या वाटेवर एक उथळ खाच कोरली, बिजागरीच्या आतला उंचवटा तिरपा केला आणि नवी सहा-सात कवचं करून घेतली, डाव्या हाताची आणि त्यांचंच आरशातलं रूप करून उजव्या हाताचीही.

पहिलंच कवच बिराप्पानं हातात घेतलं. झाकण उघडलं. त्यानं ते मिटलं आणि परत उघडलं.

"जमलं गड्या," तो म्हणाला, पण फोन लगेच खाली ठेवून त्यानं हात पँटला पुसला. "मी अजून ढकललंच नव्हतं."

पुण्याच्या माणसांना ते फार आवडलं. त्यांच्यातल्या एका बाईंनी तर डोळे मिटून उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, अगदी कुणी हातभार लावल्यासारखं वाटतं. अंतिम मंजुरीसाठी पुढच्या सोमवारी त्यांचे मोठे साहेब येणार असं ठरलं. राजरत्ननं एक कवच घरी नेलं. अक्षतानं ते एकदाच उघडलं आणि टेबलावर ठेवून बोटं चोळत बसली.

"काय झालं?"

"माझ्या अंगठ्याखाली दुसरा अंगठा होता," ती म्हणाली. "थंड. बर्फाच्या लादीला हात लागतो ना, तसा."

राजरत्ननं ते कवच उचलून पिशवीत टाकलं. दोन दिवसांपासून जेवणाच्या सुट्टीत, मशीन बंद असताना, त्याच्या बंद खणातून टक आवाज येत होता. जुनी डमी उघडत होती आणि मिटत होती. बिराप्पा डबा घेऊन बाहेर लिंबाखाली जेवायला लागला होता. आणि त्या सकाळी राजरत्ननं न वापरलेली नवी कवचं भिंगाखाली पाहिली, तर प्रत्येकाच्या खाचेशेजारी ती बारीक रेघ उमटलेली होती. ती त्यानं कोरली नव्हती.

शुक्रवारी लालासाहेब हवालदार न कळवता वर्कशॉपच्या दारात उभे राहिले. लोणंदहून आलेले, दाढी वाढलेली.

"परत वळली का मूठ?" राजरत्ननं विचारलं.

"न्हाई. उघडीच हाय." ते स्टुलावर बसले. "सायेब, मुठीत कायतरी हुतं. ते सुटलंया."

मग त्यांनी सांगितलं. वर बर्फातल्या चौकीच्या वाटेवर कडा कोसळला तेव्हा ते आणि आकाराम नावाचा त्यांचा जोडीदार एकामागं एक चालत होते. आकाराम कवठे महांकाळकडचा. बर्फ आलं, लालासाहेब छातीपर्यंत गाडले गेले आणि आकाराम त्यांच्या खाली. वर दिसत काही नव्हतं, पण लालासाहेबांच्या डाव्या हातात त्याचा डावा हात सापडला होता. तो त्यांनी धरला. खालून बराच वेळ तो हात दाबत होता. मग दाबायचा थांबला. लालासाहेबांनी सोडला नाही. माणसं खणत पोचली तेव्हा त्यांची शुद्ध गेलेली होती, आणि जाग आली ती दवाखान्यात, हात कापल्यावर.

"त्याचा हात माझ्या हातनं कुणी सोडवला, मला ठावं न्हाई. म्या तरी सोडला नव्हता. म्हणून मूठ वळल्याली हुती. ते आत्ता उमगलं." खणातून टक आवाज आला, तसं त्यांनी तिकडं पाहिलं. "मला वाटलं, डबी मीच उघडतोय. माझाच डावा हात. पर परवा बाजंवर बसलो हुतो, तर माझा त्यो नसल्याला हात हिकडं छातीवर हुता. आन् तुमी दिल्याली दुसरी डबी तिकडं उघडली."

राजरत्ननं खण उघडला. हवालदारांनी डमी घेतली आणि त्या बारीक रेघेवरून बोट फिरवलं. "त्याचं अंगठ्याचं नख चिरल्यालं हुतं, मधोमध. हिरीवर सुरुंगाचा दगुड लागून. जिथं हात लावंल तिथं रेघ ओढायचं."

बाहेर कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा झाला. हवालदार म्हणाले, "त्याच्या घरी मी एकदाबी गेलो न्हाई. हात मुठीत घिऊन कसा जायाचा? आता जातो. ही डबी द्या मला. आन् तुमीबी चला. मी एकला बोललो तर येडा म्हणतील."

बिराप्पा राजरत्नला बाजूला घेऊन म्हणाला, "सोमवारी साहेब येणार. मूळ नमुना हाच आहे. तो कुठं नेऊ नको." तो घाबरला होता, तरी हे म्हणाला. राजरत्ननं पाहिलं, टेबलावरची नवी कवचं सगळी उघडी पडली होती. मघाशी ती मिटलेली होती. हवालदारांना रात्रीपुरतं आपल्या घरी न्यायला त्यानं स्कूटरची किल्ली घेतली.

शनिवारी सकाळी दोघं निघाले. मिरज सोडल्यावर रस्ता मोकळा झाला, द्राक्षांचे मांडव मागं पडले आणि दोन्ही बाजूंना ज्वारीची कोरडी रानं लागली. ऊन चांगलं तापलेलं. हवालदार मागं बसले होते, उजव्या हातानं सीटची कडी धरून. ती कडी खड्ड्यात करकरायची, तेव्हा राजरत्नला कळायचं की हात तिथंच आहे. आणि तरी, एका उतारावर, त्याच्या डाव्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला. बसताना आधारासाठी ठेवावा तसा, भार देऊन. शर्टातून गारवा आत उतरला. राजरत्ननं आरशात पाहिलं नाही. वेग कमी केला नाही की वाढवला नाही. आण्णांचा कंदील त्याला आठवला, पण त्या विहिरीत काय होतं ते आठवेना. गाव येईपर्यंत तो हात तिथंच होता.

आकारामचं घर गावाबाहेर, एका उघड्या माळावर. आकारामची बायको विजयमाला अंगणवाडीत शिकवायची. ती त्या दिवशी घरीच होती. हवालदारांनी नाव सांगितल्यावर ती बराच वेळ त्यांच्या बाहीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आत या भावजी. सासूबाई हायत."

धोंडुबाई, आकारामची आई, ओसरीवर मटकी निवडत बसली होती. नजर अधू झालेली, पण बोटांना खडे बरोबर सापडत होते. लालासाहेब तिच्यापुढं खाली बसले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं असावं. पण त्यांनी नुसती डमी तिच्या हातावर ठेवली.

"तंबाकूची डबी हाय व्हय?" धोंडुबाई म्हणाली.

कुणी उत्तर द्यायच्या आत ती तिच्या तळव्यावर उघडली. टक. म्हातारी दचकली नाही. तिनं झाकण चाचपलं, कमान चाचपली, आणि तिचं बोट त्या रेघेवर येऊन थांबलं. ते तिथं मागंपुढं फिरत राहिलं. विजयमाला खांबाला टेकली.

"तू त्याच्या संगं हुतास," धोंडुबाई लालासाहेबांना म्हणाली.

"व्हय मावशी."

"हात दे."

त्यांनी उजवा हात पुढं केला. "ह्यो न्हाई," ती म्हणाली.

हवालदार जरासे वळले. डाव्या बाहीची दुमडलेली घडी तिच्यासमोर आली, आणि तिच्या खाली नुसती हवा. धोंडुबाईनं दोन्ही हात त्या हवेत नेले. राजरत्न दोन हात अंतरावर बसला होता. पुढं आयुष्यभर तो कुणाला पटवायला गेला नाही, पण त्यानं पाहिलं ते असं, की म्हातारीचे हात हवेतून आरपार गेले नाहीत. ते अडले. मग तिनं झोपलेल्या पोराच्या मुठीतून एखादी वस्तू काढावी तसं एकेक बोट सोडवायला सुरुवात केली. न दिसणारं एक बोट, मग दुसरं. लालासाहेबांचे ओठ पांढरे पडले होते. पण ते जागचे हलले नाहीत.

शेवटी धोंडुबाईनं आपला हात मांडीवर ओढून घेतला. तो रिकामा होता, पण बोटं कशाभोवती तरी वळलेली होती. दुसऱ्या हातानं तिनं त्यावर पदर घातला.

"लय गार पडलाय," ती म्हणाली. "विजे, चूल पेटीव."

विजयमालानं भर दुपारच्या उन्हात चूल पेटवली. धोंडुबाई चुलीपुढं जाऊन बसली, पदराखालचा हात जाळाकडं धरून, आणि तिथून उठली नाही. जेवायला वाढलं ते दोघांनी खाल्लं. निघताना राजरत्ननं ओसरीवरची डमी उचलली आणि अंगठ्यानं ढकलली. अंगठा घसरला. स्प्रिंग पहिल्या दिवशी होती तशी कडक होती. त्यानं डमी खिशात टाकली.

परतीच्या वाटेवर त्याच्या खांद्यावर कुणाचा हात नव्हता. मिरजेत चहाला थांबले तेव्हा त्यानं विचारलं, "दुखतंय का आता?"

लालासाहेबांनी बाहीकडं पाहिलं. "काय न्हाई तिथं," ते म्हणाले. "नुसता हात न्हाई, येवढंच." आणि मग त्यांना रडू आलं. हॉटेलातल्या लोकांच्या देखत ते रडत राहिले.

सोमवारी पुण्याचे साहेब आले. नवी कवचं त्यांच्या हातात दिली. मापं तीच, खाच तीच, बिजागरी तीच. उघडत होती, वाईट नव्हती. पण आधी आलेल्या बाई दोन-तीनदा उघडझाप करून म्हणाल्या, "त्या दिवशी होतं ते हे नाही. काय बदललंत तुम्ही?" राजरत्न म्हणाला, काही नाही. ते काम पुढं परदेशातल्या कुठल्यातरी कंपनीकडं गेलं. बिराप्पा आठवडाभर बोलला नाही, मग पंपाच्या झाकणांची नवी ऑर्डर आली आणि बोलायला लागला. ती रेघ कवचांवर तशीच होती. राजरत्ननं सगळी कवचं वितळवायच्या भट्टीत टाकली, ती जुनी डमीसुद्धा.

दिवाळीच्या पुढंमागं एका साच्याच्या कामासाठी तो कवठे महांकाळला गेला होता. बाजाराचा दिवस होता. भाजीवाल्यांच्या दोन रांगांमधून वाट अशी अरुंद की माणसाला माणूस घासत होतं. त्या गर्दीत त्याला धोंडुबाई दिसली. विजयमाला पिशव्या घेऊन मागून येत होती. म्हातारी सावकाश चालत होती, डावा हात अंगापासून जरा लांब, बोटं अर्धवट वळलेली, पोराला बाजार दाखवायला न्यावं तशी. मध्येच थांबून ती शेजारी वाकून काहीतरी सांगायची आणि पुढं निघायची.

राजरत्न एका दुकानाच्या पायरीवर चढून उभा राहिला. लोक तिच्या अंगावरून पुढं जात होते, पिशव्या धडकत होत्या, एक सायकलवाला घंटी वाजवत आला. पण तिच्या डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा मोकळी होती. तिथून कुणी जात नव्हतं. सायकलवालाही नकळत हँडल वळवून पलीकडून गेला, आणि जाताना त्यानं उघड्या दंडावरून हात फिरवला, थंडी वाजल्यासारखा.